परळच्या शिळेचा हेतू

लालबागहून परळ गावात शिरले, की बारादेवीच्या देवळापाशी एक प्रचंड शिवशिल्प आहे. १९३१ साली परळ-शिवडी रस्त्याचे काम चालू असताना ते सापडले. सुमारे साडेअकरा फूट उंचीच्या त्या अखंड शिळेत सात आकृती आहेत : मध्यभागी एकीतून एक वर उमटलेल्या तीन आणि दोन्ही बाजूंना झेपावणाऱ्या चार. पायथ्याशी वाद्ये घेतलेले गण आहेत. शैलीवरून तज्ज्ञ ते पाचव्या-सहाव्या शतकातले मानतात; ते कोणत्या हेतूने घडवले, यावर मात्र एकमत नाही.

सात आकृती म्हणजे सप्तस्वर, असे एक मत. मधला स्तंभ हे लिंगाचेच मानवी रूप असून एकातून अनेक होणाऱ्या शिवतत्त्वाचे ते दर्शन आहे, असे दुसरे. काहींना तर ते अपुरे राहिलेले काम वाटते. पहिले मत मोहक खरे, पण लंगडे. वाद्यधारी गण अन्य शिवशिल्पांतही आढळतात. आणि सात या संख्येत काय बसत नाही? उद्या कोणी मुंबईची सात बेटेही त्यात मोजील! शिळा मुकी आहे म्हणून तिच्या तोंडी आपले शब्द घालणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

पण हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा राहत नाही, कारण त्या शिळेची आजही पूजा होते. ज्याला मूळ हेतू उमगला, त्याला ती देवळातून हलवण्याचा अधिकार प्राप्त होतो काय? रोममधील पँथिऑन हे सर्व देवांचे मंदिर होते की सम्राटाच्या गौरवाची वास्तू, हा वाद अद्याप मिटलेला नाही. इ.स. ६०९ मध्ये त्याचे चर्च झाले आणि बहुतांशी त्यामुळेच ते टिकले. तेथे गुडघे टेकणाऱ्याला, 'ही वास्तू तुझ्यासाठी बांधलेली नव्हती', असे आपण बजावीत नाही. मग परळच्या भाविकाला कोणत्या तोंडाने बजावावे?

अर्थात भाविकानेही हेतूच्या चर्चेला अपमान समजू नये. आज तेथे हात जोडले जातात, एवढ्यावरून सहाव्या शतकातही तसेच जोडले जात होते, हे सिद्ध होत नाही. तूर्त मला लिंगरूपाचे मत अधिक सयुक्तिक वाटते. कारण ते नुसत्या संख्येचा नव्हे, तर आकृतींच्या मांडणीचाही उलगडा करते. शिवडीच्या बाजूला उद्या आणखी एखादी शिळा निघाली, तर तेही कदाचित सोडावे लागेल.