जरा जवळ घ्या

गेल्या चातुर्मासात किला गेटच्या आमच्या घरी आम्ही पाच-सहा जणी दुपारी स्वाध्यायाला बसत होतो. समंतभद्र आचार्यांचं रत्नकरंड श्रावकाचार चाललं होतं. ग्वाल्हेरची रीत अशी की वाचन हिंदीतून आणि घरातला वाद मराठीतून. अनर्थदंडाचे पाच प्रकार आले, त्यात प्रमादचर्या आली. विनाकारण माती उकरणं, पाणी ढवळणं, आग पेटवणं, झाडपाला तोडणं, हे तर आपण लहानपणापासून ऐकलेलं. पण आचार्य त्यापुढे आणखी दोन गोष्टी सांगतात. काही कारण नसताना स्वतः हिंडणं, आणि दुसऱ्याला हिंडवणं.

जाऊबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे आपली चंबळची सहल गेली की गं हिशेबात!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मला ते लागलं, कारण त्या सहलीतली एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.

सहल जानेवारीतली. नातवाला शाळेच्या पुस्तकातलं घडियाल खरं बघायचं होतं. आपण मराठीत ज्याला सुसर म्हणतो तेच हे. मुरैना आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. तिथे नातेवाइकांकडे तीन दिवस उतरलो. दोन दिवस राजघाटावरून नावेत आणि तिसऱ्या दिवशी देवरीचं घडियाल केंद्र, असा बेत होता. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून दुपार कलली की परत.

चंबळ नावाची कथा आपल्याला विसरता येण्यासारखी नाही. महाभारतात रंतिदेव राजाची गोष्ट आहे. त्याच्याकडे मारलेल्या जनावरांच्या कातड्यांच्या ढिगातून ही नदी निघाली, म्हणून ती चर्मण्वती. लोक तिला शापित समजत आले. गंगा-यमुनेसारखी तीर्थं इथे झाली नाहीत. काठाला मातीचे बीहड, त्यात बागींची भीती. माणूस दूर राहिला आणि पाणी स्वच्छ राहिलं. १९७८ पासून इथे अभयारण्य होत गेलं, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांचं मिळून. हिंसेच्या नावाची नदी जिवांचं आश्रयस्थान झाली, ती आपण कुणी दया केली म्हणून नव्हे. आपण तिच्याकडे गेलो नाही म्हणून! हे मनात आलं तेव्हा आम्ही मात्र तिच्याकडेच निघालो होतो.

पहिल्या दिवशी धुकं विरल्यावर नाव सुटली. वाळूच्या पट्ट्यावर सात-आठ घडियालं ओळीने पडली होती. लांबलचक निमुळती तोंडं, त्यांत एका नराच्या नाकावर मडक्यासारखा गोळा. त्या घड्यावरूनच घडियाल हे नाव पडलं. नातू मोबाईल धरून उभा. फोटोत ती काटक्यांएवढी दिसत होती. त्याचं तोंड पडलेलं बघवेना, म्हणून मीच नावाड्याला म्हटलं, "भैया, थोडा पास ले लो." तो जरा थांबला. मी पुन्हा म्हटलं.

नाव वळली, इंजिनाचा आवाज वाढला आणि एकामागून एक सगळी पाण्यात गेली. वाळूवर नुसत्या पोटाच्या ओल्या खुणा राहिल्या.

नावाडी रागावला नाही. एवढंच म्हणाला, "अम्माजी, धूप सेंक रहे थे. अब ठंडे पानी में बैठे रहेंगे."

त्या जिवांच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. थंडीत उन्हात पडून राहणं हीच त्यांची ऊब. ती मी हिरावून घेतली, कशासाठी, तर फोटोसाठी. मला भूक नव्हती, भीती नव्हती, राग तर मुळीच नव्हता. प्रेमच होतं, नातवाचं आणि त्या प्राण्यांचंही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमत्तयोग हा शब्द पहिला येतो. आपण नेहमी क्रोध, लोभ यांकडे बोट दाखवतो. प्रमाद प्रेमाच्या अंगाने येतो तेव्हा तो ओळखूच येत नाही.

रात्री जाऊबाई म्हणाल्या, "ती सुसर दिवसभर मासे खाते. तिच्यावर कसली करुणा करायची?" प्रश्न साधा नाही. मी अंथरुणावर पडल्या पडल्या लांछनं आठवत होते. पुष्पदंत भगवंतांचं मगर, अरनाथांचं मासा, मुनिसुव्रतांचं कासव. तिघंही याच पाण्यात राहतात. खाणाराही आसनाखाली आहे आणि खाल्ला जाणाराही. महावीरांचा जीव तर मागच्या एका भवात सिंह होता. त्या नदीचा न्याय करायला मला कुणी बोलावलं नव्हतं. सुसर भुकेपोटी मासा धरते. मी काहीच पोटी नसताना तिला उठवलं. माझा हिशेब तेवढ्याचा.

दुसऱ्या दिवशी मी नावाड्याला म्हटलं, "आज आपको जहाँ ठीक लगे, वहीं रोकिए." त्याने खोल डोहाच्या अलीकडे इंजिन बंद केलं. नाव प्रवाहाबरोबर आपोआप सरकत राहिली. लांबून पाणचिरे गेले, खालची चोच पाण्यात बुडवून रेघ ओढत. मग शेजारीच सूं असा श्वास ऐकू आला. करड्या पाठीचा एक तुकडा दिसला आणि गेला. इथले लोक तिला सूंस म्हणतात. गंगेतली डॉल्फिन ती, २००९ पासून आपला राष्ट्रीय जलचर. तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढते. इंजिनाच्या घरघराटात तिचं काय होत असेल?

नातवाला फोटो मिळाला नाही. तो म्हणाला, "आजी, तिला आपण दिसलोच नाही ना? बरं झालं."

आत्म्याचा स्वभाव ज्ञाता-द्रष्टा, हे आपण प्रवचनात किती वेळा ऐकतो! बघायचं, जाणायचं, धरायचं नाही. मी ते ध्यानापुरतं समजत होते. बघण्यातही धरणं असतं आणि ‘जरा जवळ घ्या’ हे त्याचं तोंड, हे मला नावेत कळलं.

तिसऱ्या दिवशी देवरी. तिथे नदीकाठच्या वाळूतली काही अंडी आणून उबवतात. पिल्लं सुमारे चार फुटांची झाली की पुन्हा चंबळेत सोडतात, कारण नदीत अगदी लहानपणी फारच थोडी जगतात. त्यांना खायला मासेच घालतात. जाऊबाई आत आल्या नाहीत, बाकावर णमोकार म्हणत बसल्या. मी आत गेले. दोघींनी एकमेकींना काही विचारलं नाही.

टाक्यांतली ती लहान पिल्लं बघताना मला सासूबाई आठवल्या. पाणी गाळलं की गाळण्यातली जिवाणी त्या ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत सोडत. वरून ओतायची नाही. तळाला कडी असलेली बादली पाण्यापर्यंत उतरवून तिथेच हळूच उपडी करायची. जीव आपटू नये म्हणून. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवासाठी एवढी काळजी, आणि मला समोर दहा-बारा फुटांचा जीव दिसत होता तरी सुचलं नाही.

मग ती सहल प्रमादचर्या होती का? पहिल्या दिवसाची होती, असंच मी जाऊबाईंना त्या दुपारी सांगितलं, वाळूवरच्या ओल्या खुणांसकट. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग चष्मा लावून म्हणाल्या, "पुढचं पान काढ. आणि पुढच्या वर्षी गेलो, तर नावाड्याशी मी बोलेन."