पहिला ओरखडा

नवा सोफा घरी आला की त्याचं प्लास्टिक महिनोन्महिने निघत नाही. रिमोटला पिशवी, गाडीच्या सीटला कव्हर आणि कव्हरवर पुन्हा टॉवेल. पाहुण्यांची पोरं आली की घरच्या बाईचा अर्धा जीव सोफ्यात. मग कधीतरी कुणाच्या हातून चहा सांडतो, आरडाओरडा होतो, आणि त्यानंतर घरातली माणसं त्या सोफ्यावर ऐसपैस बसायला लागतात. वस्तू घरची होते ती पहिल्या ओरखड्यानंतर. जुनी वस्तू घेणाऱ्याला हा ओरखडा आयता मिळतो. सेकंडहँड खरेदीने मनाला जे बरं वाटतं ते मुख्यतः यामुळे, असं माझं मत आहे. पैसे वाचतात, कचरा कमी होतो, हे ठीकच. पण पैसे वाचल्याचा आनंद संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

फ्रेंच विचारवंत देनी दिदरो याने अठराव्या शतकात आपल्या जुन्या झग्यावर एक लेख लिहिला होता. त्याच्याकडे नवा, भारी, लाल झगा आला आणि जुना गेला. जुन्याच्या टोकाने पुस्तकांवरची धूळ झटकता यायची, लेखणी पुसता यायची. नव्याला शाईचा थेंब लागेल या धास्तीने मालकच अवघडून बसू लागला. पुढे त्या झग्यापुढे खोलीतलं टेबल, खुर्ची, भिंतीवरची चित्रं सगळंच कळकट दिसायला लागलं आणि एकेक वस्तू बदलत गेली. ग्रँट मॅक्रॅकन या अभ्यासकाने १९८८ मध्ये या साखळीला ‘दिदरो परिणाम’ असं नाव दिलं. दिवाळीच्या तोंडावर भिंतींना रंग दिला म्हणून पडदे, पडद्यांना शोभेसा दिवा, हा क्रम आपल्याकडे नाव न देताही सगळ्यांना पाठ आहे. जुन्या वस्तूने ही साखळी सुरूच होत नाही, कारण तिच्या शेजारी घरातलं काहीच ओशाळं होत नाही.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. ताडपत्रीवर पाने, पक्कड, नळाच्या तोट्या, किल्ली नसलेली कुलुपं, पितळी अडकित्ते, बंद पडलेली घड्याळं. गिऱ्हाईक उकिडवं बसतं. एखादा पाना उचलून त्याचा स्क्रू फिरवून बघतं, जबडा उघडतो का, दाते झिजलेत का ते अंगठ्याने चाचपतं, वजन हातात तोलतं. विक्रेता तिकडे बघतही नाही. किंमत विचारली की तोच उलटा विचारतो, ‘तुम्हीच बोला, किती देणार?’ आता पंचाईत. छापील किंमत नाही, सवलत नाही, मागे इतरांनी दिलेले तारे नाहीत. ही वस्तू मला किती मोलाची, हे स्वतःच ठरवायचं. एरवी हा प्रश्न आपल्याला कुणी विचारत नाही.

पर्याय जास्त झाले की मन गोंधळतं, हे पटवायला शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांचा २००० सालचा जॅमचा प्रयोग नेहमी सांगितला जातो. २४ प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी जॅम घेतला, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. पण २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांची एकत्र छाननी झाली तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. त्यामुळे नुसत्या संख्येला दोष देण्यात अर्थ नाही. ताडपत्रीवर कमी वस्तू कुठे असतात? मनाला पोखरते ती चुटपुट: तीच वस्तू दुसरीकडे स्वस्त मिळाली असती, थांबलो असतो तर पुढचं मॉडेल आलं असतं. जुन्या बाजारात ‘तीच वस्तू’ दुसरीकडे नसतेच. घेतली किंवा सोडली, विषय संपला.

तरीही कपड्यांपाशी आपलं मन अडतं. तान्ह्या बाळाला आजीच्या लुगड्याच्या मऊ जुनेरात गुंडाळणारं घर परक्याने वापरलेला शर्ट मात्र घेत नाही. याला नुसतं स्वच्छतेचं वेड म्हणून भागणार नाही. चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रं नेसावीत, असं मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जी मनुस्मृती जाळली गेली तिच्यात हेही होतं. दुसऱ्याने टाकलेलं अंगावर घालणं ही ज्यांच्यावर पिढ्यान्पिढ्या सक्ती होती, त्यांना ‘जुनं वापरा, मन हलकं होईल’ असं सांगणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. मालकिणीने दिवाळीला दिलेली तिची जुनी साडी कामवाल्या बाईला मुकाट्याने घ्यावी लागते. बोहारणीने भांड्याच्या बदल्यात नेलेली तशीच साडी धुऊन, रफू होऊन बाजारात येते, तेव्हा हीच बाई तिचा पदर उजेडात धरते, काठ विरलाय म्हणून दोन साड्या बाजूला सारते, भाव पाडते आणि मग तिसरी घेते. साडी तीच, पण इथे नाही म्हणायचा हक्क तिच्याकडे आहे. जुन्या खरेदीतलं सुख या हक्काशिवाय उभं राहत नाही.

आणि त्या सुखाला नशेची बाजूही आहे. आज काय हाती लागेल याचा नेम नसणं, हीच ती ओढ. जुगाराचीही हीच असते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मन रमतं म्हणून जुने ट्रान्झिस्टर आणतात. माळा भरला, पलंगाखालची जागा भरली, आता बाथरूमच्या वरच्या फळीची पाळी आहे, आणि त्यातला एकही वाजत नाही. त्यांची तब्येत खरोखर उत्तम आहे. त्यांच्या पत्नीच्या मनाचं काय होत असेल, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही.