यंदा वाण विकत आणू नका

डिसेंबर सरत आला की पुण्याच्या तुळशीबागेत वाणाचे ढीग लागतात. प्लास्टिकचे डबे, चहाची गाळणी, कुंकवाचे करंडे, कापडी पाउच, सगळं डझनाच्या भावाने. संक्रांतीला ते या घरातून त्या घरात जातं, तिथून माळ्यावर, आणि पुढच्या वर्षी आणखी कुणाच्या तरी हातात. पंचवीस-तीस बायकांना चाळीस-पन्नास रुपयांचं वाण द्यायचं म्हटलं की हजार-दीड हजार गेले. पगारदार घराला त्याची झळ लागत नाही. चार घरची धुणीभांडी करणारी बाई मात्र एक तर उसनवारी करते, नाहीतर बोलावणं येऊनही जात नाही, कारण घेतलं की द्यावं लागतं. सणामुळे कुणी उंबऱ्याबाहेर राहत असेल, तर त्याचा दोष सण साजरा करणाऱ्या आपल्या सगळ्यांकडे येतो.

सुगडात आपण काय भरतो ते आठवा. उसाचे करवे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या ओंब्या. त्या दिवसांत रानात जे तयार होतं, त्यातलं मूठभर शेजारणीला द्यायचं, इतकी साधी ही देवघेव होती. आपल्याजवळ जे आहे त्यातलं द्यायचं. शहरात रान राहिलं नाही, पण हातात कसब आहे आणि दिवसातला तासभर वेळ आहे.

माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होत्या. घर सोडता येत नसल्याने या बाई स्वतःची दाढ दुखत असूनही डॉक्टरकडे जात नव्हत्या. संक्रांतीला त्यांच्या मैत्रिणीने त्यांना तिळगूळ दिला आणि सांगितलं, ‘दर शनिवारी चार ते सहा मी आजींजवळ बसेन, तू बाहेर पड.’ पहिल्या शनिवारी बाई दाढ दाखवून आल्या. दुसऱ्या शनिवारी त्या नुसत्या बागेत बसून आल्या, आणि त्याचंच त्यांना जास्त अप्रूप वाटलं. मैत्रिणीने हे पुढे कित्येक महिने निभावलं. अशा वाणाला वार आणि वेळ ठरलेली हवी. ‘कधीही हाक मार’ म्हणणं सोपं असतं, आणि अडलेली बाई सहसा हाक मारतच नाही.

‘फुकटचं वाण दिलं तर लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न येणारच. म्हणू द्यात. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईने चार जणींचे पेन्शनचे कागद नीट लावून दिले, शिवणकाम येणारीने उसवलेले ब्लाउज शिवून दिले, कुणी घरच्या दोडक्याचं, वालाचं बी पुडीत बांधून दिलं, तर त्यात कमीपणा कसला? आणि पुरुषांनी हा बायकांचा सण म्हणून अंग काढून घेऊ नये. शेजारच्या मुलाला रोज अर्धा तास गणित शिकवायला हळदीकुंकवाचं आमंत्रण लागत नाही.

पण खर्च टाळला म्हणजे काम झालं असं मी मानत नाही. द्यायचं कुणाला, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. जानेवारी १८५२ मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळाने तिळगुळाचा समारंभ केला. कोणत्याही जातीच्या स्त्रिया आल्या तरी त्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि भेद न करता हळदीकुंकू लावलं जाईल, असं त्याच्या निमंत्रणातच सांगितलं होतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. जाजम अंथरायला किंवा एका बाईला दारातून आत बोलावायला एक रुपयाही लागत नाही. तरी आजही किती घरी विधवा जाऊबाई, नणंद, स्वयंपाकाच्या मावशी हळदीकुंकवाच्या वेळी आतल्या खोलीत थांबतात! ही रीत अन्यायाची आहे आणि ती मोडणं घरातल्या मोठ्या बाईच्या हातात आहे.

तेव्हा बाजारात जाण्याआधी एक यादी करा. आपल्या इमारतीत, वाडीत, आळीत कुणाला आजवर बोलावलं नाही, त्यांची नावं त्यात आधी घाला. त्यांच्या घरी स्वतः जा, तिळगूळ द्या आणि कोणत्या दिवशी, किती वाजता मदतीला याल ते सांगून या. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, तेवढा अवधी पुरेसा आहे.