शब्द आणि पत्रा

पाडवा जवळ आला की घरोघर खरेदीचे बेत शिजू लागतात. जुनी का होईना, मोटार दारात यायची तर ती पाडव्यालाच, असा पुष्कळांचा आग्रह असतो. मुहूर्त आपण पंचांगात पाहतो, झेंडूची माळ आधी सांगून ठेवतो; पण गाडीच्या पोटाखाली वाकून पाहायचा मात्र आपल्याला संकोच वाटतो. त्यातून विकणारा ओळखीचा असला तर विचारायलाच नको! 'तपासून घेतो' हे शब्द ओठांवर येतात आणि तिथेच विरतात. न जाणो, त्याला वाटायचे, आपल्यावर अविश्वास दाखवला!

किहीमला गेल्या वर्षी हा संकोच मी जवळून पाहिला. समुद्राकाठच्या वाडीत राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांची मोटार शेजारचा तरुण शिक्षक घेणार होता. "काका, एकदा मिस्त्रीला दाखवून घेतो," असे तो चाचरत म्हणाला, आणि काकांचा चेहरा उतरला. "माझ्या शब्दावर भरवसा नाही का रे तुझा?"

तरी अलिबागहून मिस्त्री आला. त्याने इंजिनाचा आवाज ऐकला, धूर पाहिला, दारांवरून लोहचुंबक फिरवले. पत्रा कुजून जिथे लांबी भरलेली असते तिथे चुंबक धरत नाही. दारे ठीक निघाली. शेवटी पायाखालचे जाजम उचलून त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो पत्र्यातून आरपार गेला! काका थक्क झाले. रोज सकाळी ते गाडी वरून पुशीत होते. खारा वारा खालून आपले काम करीत होता. याच गाडीतून पोरगा बायकामुलांना घेऊन कार्ले खिंडीतून पेणला जाणार, हे त्या क्षणी त्यांच्या मनात आले असावे. कारण त्यांचा राग जिथल्या तिथे मावळला.

काका खोटे बोलले नव्हते. पण खोटे न बोलणे म्हणजे खरे ठाऊक असणे नव्हे. सचोटी निराळी आणि माहिती निराळी. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा. पत्र्याने कुणाला शब्द दिलेला असतो? बैलबाजारातल्या शेतकऱ्याला हे केव्हाच उमगले आहे. बैल व्याह्याचा असला तरी तो जबडा उघडून दात पाहतो, बैल चालवून बघतो. आणि व्याही रागावत नाही.

मग तपासणी झाली की विकणाऱ्याने गप्प बसायला हरकत नाही, असे म्हणावे काय? हा प्रश्न फार जुना आहे. रोमच्या सिसरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांविषयी लिहिताना एका घराचे उदाहरण घेतले आहे. घराचे लाकूड कुजके, ते कोसळायच्या बेतात. आणि हे ठाऊक फक्त मालकाला. डायोजेनीस म्हणतो, घ्या अशी मालकाने जबरदस्ती केली नाही, मग फसवणूक कसली? अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखेच हे पाप. सिसरोने कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला. आपल्याकडचा १८७२ चा करार कायदा इतका कडक नाही. नुसते गप्प राहणे ही सहसा फसवणूक नव्हे, असे तो म्हणतो. पण त्यातच एक गोड उदाहरण आहे. लिलावात सदोष घोडा विकणारा गप्प राहिला तर चालेल. मात्र घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. म्हणजे नाते असले की मौनाची सवलत संपते, हे कायद्यालाही मान्य आहे!

आणि आपल्या गावांतून परके असे असते तरी कोण? ज्याला आपण काका म्हणतो, त्याने पुतण्याशी लिलावातल्यासारखे वागून कसे चालेल? गंज मिस्त्रीला दिसेल. पण गाडी एकदा पुराच्या पाण्यात रात्रभर उभी होती, हे त्याला कळेलच असे नाही. ते धन्यालाच ठाऊक. म्हणून मला वाटते, तपासून घेणे हे घेणाऱ्याचे काम आणि ठाऊक आहे ते न विचारता सांगणे हे देणाऱ्याचे. एकाने दुसऱ्याची सुटका होत नाही. मिस्त्रीला दिलेल्या चार पैशांत मोटारीची परीक्षा तर होतेच. शिवाय उद्या तिचा पत्रा फाटला, तर त्याबरोबर शेजार फाटत नाही.