रायफलीला दोष देण्याआधी

रायफल खाली ठेव. बोल्ट मागे, चेंबर रिकामं, नळी टार्गेटकडे. आता ऐक.

निवड चाचणीत गुण घसरले आणि बाहेर येताच तू चारचौघांत म्हणालास, ‘सर, रायफलच खराब आहे.’ कशावरून? तुझी पेटी मी उघडून पाहिली. तीन वेगवेगळ्या लॉटची काडतुसं एकत्र ओतलेली. नळीत चिंधी घातली तर कोळशासारखी काळी होऊन बाहेर आली. अशा हत्यारानं मारलेल्या गोळीवरून चूक रायफलीची, काडतुसाची की तुझ्या श्वासाची, हे कुणालाही सांगता येणार नाही. मलाही नाही. मग तुला कसं कळलं?

खोक्यावर लॉट नंबर छापतात तो वाचण्यासाठी. कंपनी तीच, नाव तेच, किंमतही तीच. तरी लॉट बदलला की दारूत, शिशाच्या गोळीत, बुडाच्या कडेत भरलेल्या मसाल्यात बारीक फरक पडतो. पॉइंट टू टूच्या मॅच काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगानं सुटते. हा वेग १० मीटरनं कमी-जास्त झाला, तर ५० मीटरवर ती सातेक मिलिमीटर खाली-वर लागते. दहाचं वर्तुळ केवढं? व्यास १०.४ मिलिमीटर. दशांशाच्या हिशेबात ८ मिलिमीटरला एक गुण जातो. म्हणजे अगदी मध्यावर धरलेला १०.९ चा नेम नुसत्या काडतुसापायी १०.० वर येतो. आणि तुझा नेम अजून दर वेळी मध्यावर नसतो, हे तुला ठाऊक आहे.

स्वप्निल कुसाळेचा फोटो फोनवर लावून हिंडतोस ना? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य त्यानं आणलं. पात्रता फेरीत त्याचे ६०० पैकी ५९० गुण होते आणि क्रमांक सातवा. अंतिम फेरीत जातात आठच. साठ गोळ्यांत मिळून फक्त दहा गुण गेले. इतक्या चिंचोळ्या जागेत दोन-तीन गचाळ काडतुसं माणसाला घरी बसवतात. त्या पातळीचे नेमबाज बर्मिंगहॅमला इलेच्या किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या रेंजवर आपली रायफल घेऊन जातात. तिथे ती शिकंज्यात आवळतात, एकामागून एक लॉट मारून बघतात, नळीला मानवेल तोच निवडतात आणि त्याचाच साठा घेतात.

तुला परदेशी जायला कुणी सांगत नाही. वाळूची पिशवी आपल्याकडे आहे. वारा पडलेला असताना, सकाळी, प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे तीन ग्रुप काढ आणि कागद जपून ठेव. एकच चांगला ग्रुप पाहून हुरळून जाऊ नकोस. तिन्ही सारखे आले पाहिजेत. महाग खोकं तुझ्या नळीला मानवेलच असं नाही, मधल्या किमतीचं मानवेल. नेप्तीच्या बाजारात कांद्याची पट्टी हातात आली की वडील आधी तुझ्या काडतुसांचे पैसे बाजूला काढतात. ते पैसे तू चाचणी न घेता उडवतोस, याचा मला संताप येतो.

आणखी एक. परवा काडतूस मातीत पडलं, तू पँटला पुसलंस आणि भरलंस. गोळीला मेणाचा थर असतो, त्याला आपल्या नगरची धूळ चिकटते आणि ती थेट नळीत घासत जाते. पडलेलं काडतूस बाजूला ठेवायचं. खोकं दुपारच्या उन्हात उघडं टाकायचं नाही.

काल मात्र तू हद्द केलीस. चाप ओढला, काडतूस उडालं नाही आणि तू तत्काळ बोल्ट खेचलास. उशिरानं पेटणारं काडतूस असतं, हे मी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. नळी टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबायचं, मग बोल्ट उघडायचा. आवाज फुसका आला तर तिथंच थांबायचं, रायफल रिकामी करायची आणि नळीतून आरपार दिसल्याशिवाय दुसरी गोळी भरायची नाही. अडकलेल्या गोळीमागं दुसरी सुटली तर नळी फुगते, फाटते. शेजारच्या लेनवर तेरा वर्षांची मुलगी पडून नेम धरत होती. तिच्या आईबापांना काय तोंड दाखवलं असतं आपण?

सफाईचं तर बोलायलाच नको. एनसीसीत तुला पुल-थ्रू आणि चार बाय दोनची चिंधी शिकवली होती, तीही विसरलास. इथे अखंड सळई आहे, ती चेंबरच्या बाजूनं घाल, गाइड लावून. तोंडाकडून सळई खुपसलीस तर नळीची कड घासते. गोळी शेवटी जिथून सुटते ती हीच कड, ती बिघडली की नेम गेला. चेंबरच्या पुढे जळक्या मसाल्याचं कडं धरतं, ते चिंधी नुसती फिरवून निघत नाही. द्रावण लावून मुरू दे, मग पूस. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यातली घाण काढ. बोल्टला ग्रीस बोटभर नको, बोटाला लागेल एवढंच. पुन्हा मारण्याआधी नळीतलं तेल कोरडं कर आणि पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरू नकोस. मेणाचा थर बसेपर्यंत त्या भरकटतात. सामन्याआधी साइटिंगला वेळ देतात तो यासाठीही. पावसाळ्यात फोमच्या पेटीत रायफल कोंडून ठेवलीस तर गंज चढेल.

आणि चांदबिबीनं दारूगोळा संपल्यावर तोफांतून नाणी डागली, ही गोष्ट मला उत्तर म्हणून सांगू नकोस. नगरच्या किल्ल्याला १५९५-९६ चा वेढा, तटाला पडलेलं खिंडार, समोर मुघल शहजादा मुरादची फौज; जे हाताला येईल ते डागायचं, अशी ती वेळ होती असं सांगतात. तुझ्यावर कोणता वेढा पडलाय? तुझ्याकडे सबंध आठवडा होता, चिंध्या होत्या, लॉट नंबर वाचायला डोळे होते.

शनिवारपर्यंत एकही गोळी मारायची नाही. शनिवारी सकाळी सहाला ये, माझ्यासमोर बोल्ट काढ, नळी साफ कर. मग तिन्ही लॉट वेगळे करून पिशवीवरून मार आणि वहीत तारीख, लॉट, ग्रुप लिही. नऊ ग्रुप झाल्यावर वही मला दाखव. त्यात रायफल खोटी ठरली, तर नवी नळी मागायला तुझ्याबरोबर मी स्वतः येईन.