थंडी लोकरीसारखी, थंडी बोचरी



आपल्या वराळ्यात बर्फ पडत नाही. तरीही डिसेंबर-जानेवारीत रविवारी सकाळी मिस्साला निघताना डोळ्यांचे पारणे फिटते. रात्री आकाश निरभ्र असले की जमीन लवकर निवते, नदीकाठची ओलसर हवा गारठते आणि इंद्रायणीवर धुके धरते. गवत दवाने पांढरे दिसते, भंडारा डोंगर दिसेनासा होतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ तर कधीकधी दवबिंदूच गोठतात. गाड्यांच्या टपावर साचलेले ते हिमकण पाहायला लोक मुद्दाम पहाटे उठून जातात. देवाने फुकट दिलेला हा आनंद आहे. तो मनापासून घ्यावा, असेच आम्हांला वाटत आले.

गेल्या हिवाळ्यात मात्र एक गोष्ट घडली. सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. धुक्याचा फोटो काढायला आम्ही रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. समोर एका बांधकामापाशी शेकोटी पेटली होती. एक बाई आणि दोन मुले तिच्याभोवती बसली होती. धाकट्याच्या अंगावर स्वेटर नव्हता, सिमेंटचे रिकामे पोते होते. फोटोत ती मंडळी येत होती म्हणून आम्ही म्हटले, “जरा बाजूला सरकता का?” बाई काही बोलली नाही. मुलांना घेऊन ती शेकोटीपासून दूर झाली. फोटो छान आला. मग आम्ही मिस्साला गेलो.

घरी आल्यावर १४७ वे स्तोत्र उघडले. देव लोकरीसारखे हिम पसरतो, राखेसारखे दहिवर विखुरतो, असे त्यात वर्णन आहे. ते आमच्या आवडीचे. पण त्याच्याच पुढच्या ओळीत स्तोत्रकर्ता विचारतो की, देवाच्या थंडीपुढे कोणाचा टिकाव लागेल? इतकी वर्षे आम्ही लोकरीपाशीच थांबत होतो. तो प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

मग थंडीचा आनंद घेणे पाप आहे का? जी थंडी आपल्याला सुखावते, तीच निफाडच्या द्राक्षबागायतदाराची झोप उडवते. मणी तडकू नयेत म्हणून तो रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतो. पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबाला तीच थंडी झोपू देत नाही. हे सारे ठाऊक असताना आपण दवाकडे पाहून हसावे का?

येथे संत मार्टिन आठवतात. चौथ्या शतकात फ्रान्समधील आमिआँ शहराच्या वेशीवर, कडाक्याच्या थंडीत, या तरुण सैनिकाला एक उघडा भिकारी दिसला. मार्टिनने तलवारीने आपला झगा कापला आणि अर्धा त्याला दिला. त्या रात्री स्वप्नात त्याला तो अर्धा झगा पांघरलेला प्रभू येशू दिसला. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण एक गोष्ट नजरेतून सुटते. उरलेला अर्धा झगा मार्टिनने स्वतःच्या अंगावर ठेवला. देवाने आपल्याला दिलेली ऊब टाकून द्या, असे कोणी सांगत नाही. ती सगळीच आपली आहे, असे मात्र समजू नये.

म्हणून आम्हांला वाटते, पाप धुके पाहून आनंदण्यात नव्हते. आनंदाच्या चौकटीतून माणसाला बाजूला सारण्यात होते. सृष्टी पाहून देवाची स्तुती करावी आणि त्याच देवाच्या लेकराला शेकोटीपासून उठवावे, ही स्तुती देवाला कशी पोहोचेल?

पुढच्या रविवारी आम्ही दोन स्वेटर घेऊन तिथे गेलो. काम संपले होते. माणसे दुसरीकडे गेली होती, जमिनीवर राखेचा काळा डाग तेवढा उरला होता. ते स्वेटर दुसऱ्या मुलांच्या अंगावर गेले, पण त्या बाईची क्षमा मागायची राहून गेली.

या हिवाळ्यातही धुके येईल. ते जरूर पाहा, मुलांना दाखवा, देवाचे आभार माना. आणि वाटेत शेकोटी दिसली तर गाडीतून उतरा. फोटोसाठी नव्हे, विचारपूस करण्यासाठी.