सुलभ हत्यार आणि कारागिराचा हात

रेखीव चेहऱ्याला, डौलदार बांध्याला किंवा घोटून लिहिलेल्या वाक्याला आपण मराठीत ‘कातीव’ म्हणतो. हे विशेषण ज्याच्या कामावरून आले तो कातारी मात्र आपल्या स्मरणातून जवळजवळ गेला आहे. रायपूरकडच्या हिंदीत तोच ‘खरादी’. पलंगाचे खूर, पाळण्याचे खांब, लाटणी, भोवरे ही त्याची निर्मिती. लाकूड फिरते, हत्यार टेकलेले असते, आणि दोहोंच्या स्पर्शातून आकार प्रकट होतो. आता हे काम विजेवर चालते. कार्बाइडचे आयते पाते बसवलेली हत्यारेही बाजारात आली आहेत. त्यांना धार लावावी लागत नाही, पाते बोथट झाले की फिरवायचे किंवा बदलायचे. अशा सुलभतेने कौशल्याचा ऱ्हास होतो काय, हा प्रश्न केवळ सुतारशाळेचा नाही. तो नीतीचाही आहे.

प्रथम कष्ट आणि कौशल्य यांत विवेक करावयास हवा. जुन्या पद्धतीत लाकडाला दोरीचा वेढा देऊन दुसऱ्या माणसाने ती आलटून पालटून ओढायची. लाकूड एकदा पुढे, एकदा मागे फिरे आणि एकाच दिशेच्या फेऱ्यात कापले जाई. विजेच्या मोटारीने नाहीसे केले ते दोरी ओढणाऱ्याचे कष्ट. कातारी नजरेने आकार जोखत असे, ती नजर मोटारीने घेतली नाही. परंपरेच्या नावाने त्या दोरीसाठी हळहळणे म्हणजे दुसऱ्याच्या घामावर आपली अभिरुची पोसणे होय.

आयत्या पात्याची गोष्ट वेगळी आहे. अर्धगोल पटाशी वापरणाऱ्याला धारेमागचा उतार लाकडावर टेकवावा लागतो, रेषांची दिशा ओळखावी लागते, हाताचा कोन क्षणोक्षणी बदलावा लागतो. चूक झाली तर पटाशी लाकडात अडकते आणि तासाभराचे काम वाया जाते. डेव्हिड पाय यांनी 1968 सालच्या आपल्या ग्रंथात जोखमीची कारागिरी आणि निश्चितीची कारागिरी असा भेद केला, तो येथे नेमका लागू पडतो. नवे पाते आडवे धरून नुसते खरवडत न्यायचे असते. नवशिक्यालाही आकार लवकर साधतो. परंतु आडव्या रेषांवर तंतू उचकटतात आणि ते काचकागदाने झाकावे लागतात. वस्तू तयार होते, पण लाकूड समजलेले नसते. खरी हानी असलीच तर ती ही.

तरीही सुलभता म्हणजे अधःपतन, असा निष्कर्ष काढता येत नाही. रायपूर आणि वर्धा एकेकाळी एकाच मध्य प्रांतात होते. त्या वर्ध्यात 1934 साली ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत कार्य आरंभले आणि कुमारप्पांच्या नेतृत्वाखाली घाणीसारखी जुनी साधने सुधारली. त्यापूर्वी 1929 मध्ये चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी 1 लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. अट ही, की यंत्र झोपडीत हातापायांनी चालावे आणि किंमत 150 रुपयांच्या आत असावी. गांधीजींची कसोटी कठीणपणाची नव्हती. साधन माणसाच्या स्वाधीन राहते की माणूस साधनाच्या, ही होती. बस्तरच्या धातुशिल्पातही मेणाचे बारीक तार लाकडी दाबणीतून काढतात. ते तार मातीच्या गाभ्यावर कसे गुंडाळायचे, हे मात्र दाबणी ठरवीत नाही. आपण ज्याला परंपरा म्हणतो, तिच्या पोटातही अशी सोपी साधने सामावलेली असतात.

साहित्याच्या अभ्यासकाला याचे प्रतिरूप परिचयाचे आहे. मुक्तछंद आला तेव्हा गणमात्रांचे बंधन सुटले आणि सुमार कवितेचे पीक आले. त्याबरोबर हेही उमगले की वृत्ताची शिस्त गेल्यावर लय स्वतःच शोधावी लागते, आणि ते अधिक दुर्घट आहे. सोपे हत्यार कौशल्य मारत नाही. ते कौशल्य सक्तीचे ठेवत नाही, इतकेच. ज्याला थांबायचे आहे तो तेथेच थांबतो.

म्हणून दोष हत्याराकडे ढकलून आपली सुटका नाही. कारागिराने लाकूड ओळखावे अशी अपेक्षा धरणाऱ्याने त्या ओळखीला लागणाऱ्या वर्षांचे मोल द्यावयास हवे. उचकटलेल्या तंतूंवर काचकागद फिरवलेले खूर स्वस्तात मागायचे आणि त्याच वेळी कला बुडाली म्हणून शोक करायचा, हा दुटप्पीपणा आहे. नव्या पात्याने पहिले भांडे करणाऱ्या मुलाला अडवण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरे भांडे पटाशीने करून पाहण्याइतकी उसंत आणि चुकण्याची मुभा त्याला मिळेल, एवढे पाहणे मात्र आपल्या हाती आहे. ती मुभा नसेल तर जुनी दोरी परत आणूनही कौशल्य टिकणार नाही.